भाऊजींच्या गाडीतलं पाणी

माझ्या जेठांच्या गाडीतलं कूलंट संपलंय हे मला त्या दिवशी सकाळी सातला कळलं. गाडी आर्णीहून निघाली आठला. मधल्या तासाभरात मी पोळ्या बांधल्या, वेणी घातली, पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

हे विसरल्यामुळे झालं नाही. मुद्दाम केलं. पुष्कळ दिवस झाले त्याला, तरी ‘चुकलंच माझं’ हे वाक्य काही माझ्या हातून कागदावर उतरत नाही. म्हणून झालं तसं सांगते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा दारव्हा तालुक्यात, घर आर्णीला. अकरा वर्षं मी काळ्यापिवळ्या जीपमध्ये कोंबून घेऊन शाळेत गेले. मांडीवर कुणाचं तरी गाठोडं, खांद्यावर कुणाची तरी झोपलेली मान. मग एक जुनी पांढरी छोटी गाडी घेतली, माझ्या पगारातून. महिनाभर शिकले, लायसन काढलं. पहिल्या दिवशी एकटीनं शाळेसमोर गाडी उभी केली तेव्हा माझ्या वर्गातल्या पोरी फाटकापर्यंत धावत आल्या होत्या. त्या दिवशी मी पाच मिनिटं खालीच उतरले नाही. बसून राहिले नुसती, हात स्टिअरिंगवर ठेवून.

आमची दोन घरं एकाच आवारात आहेत. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि जाऊबाई, मधल्या खोलीत सासूबाई. जेठांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. तरुणपणी त्यांनी सहा वर्षं दारव्हा-आर्णी जीप चालवली होती, त्यामुळे गाडी या विषयावर घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांची स्वतःची मोठी सात सीटची डिझेल गाडी. मी गाडी घेतली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, टायरला पायानं ठोकलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, “बायकोले खेळणं घेऊन देल्लं काय रे?”

मी घेतली होती, हे नवऱ्यानं त्यांना सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांची गाडी दुरुस्तीला पडली, तेव्हा तेच खेळणं घेऊन ते मुकुटबनला गेले. जाऊबाईंचं माहेर तिकडचं. संध्याकाळी परत आले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, “मस्त चालते.” तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंना डोळे दाखवायला दारव्ह्याला घेऊन निघाले. त्यांना मोतीबिंदू झाला होता. अर्ध्या रस्त्यात गाडीचा गरमीचा काटा वर सरकताना दिसला. मी लगेच बाजूला घेऊन थांबले आणि जेठांना फोन लावला. काटा पाहत बोलायचं होतं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला, सासूबाईंच्या मांडीवर.

“काही होत नाई,” ते म्हणाले. “ऊन हाय, काटा वर जातेच. हळूहळू चालवत दारव्ह्याले ने. म्हातारी संगं हाय, रस्त्यात नको थांबू.”

“नक्की ना भाऊजी? लाल रेघेजवळ आलाय.”

“मी सांगून राह्यलो न तुले!”

मी त्यांचं ऐकलं. आठ-नऊ किलोमीटर गेले असेन. मग बॉनेटमधून वाफ आली, करपल्यासारखा वास आला आणि गाडी बंद पडली ती पडलीच. सासूबाई पळसाच्या झाडाखाली दोन तास बसल्या. दारव्ह्याच्या जीपस्टँडजवळ गॅरेज असलेला एक वयस्क मेकॅनिक आला. त्यानं गाडी थंड होऊ दिली, झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. मातकट, गढूळ.

“मॅडम, यात कूलंट कुठं हाय? हे तं हापशीचं पाणी हाय.” मग त्यानं खालचा रबरी पाइप दाखवला. त्याच्यावर सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी गच्च गुंडाळली होती. “हे कोनं बांधलं? जुने जीपवाले बांधत असे बापा.”

कोणी बांधलं ते मला कळलं. मुकुटबनच्या वाटेवर पाइप फुटला, गाडी तापली, त्यांनी पट्टी बांधली, हापशीचं पाणी भरलं आणि घरी येऊन मस्त चालते म्हणाले. मी ती पट्टी घरी आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. “तुह्या मेकॅनिकनंच बांधली असन,” म्हणाले. फोनवर काय सांगितलं होतं ते विचारलं, तर म्हणाले, “थांब म्हटलं होतं म्या. तुनं ऐकलं नाई.”

इथवर कदाचित मी गिळलंही असतं. पण पंधरा दिवसांनी नात्यातलं एक बारसं होतं. जेवणं झाल्यावर पुरुष खुर्च्या टाकून बसले होते, आम्ही बायका दारात होतो. जेठ खुर्चीवर ताठ बसले, दोन्ही हातांत हवेतलं स्टिअरिंग धरलं, मान लांब केली आणि आरशात पाहून केस सारखे करण्याची नक्कल केली. “गाडी जळून राह्यली अन् बाई आरशात पाहून राह्यली! बाईमाणसाचं ध्यान काट्यात नसते, आरशात असते.”

पोट धरून हसले सगळे. माझा नवराही हसला. मी सासूबाईंकडे पाहिलं. फोन त्यांच्या मांडीवर होता, एकेक शब्द त्यांनी ऐकला होता. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

त्या रात्रीपासून माझ्या मनात जे धरलं गेलं त्याला मी राग म्हणणार नाही. राग येतो आणि जातो. हे बसून राहिलं.

गाडीचं इंजिन खोलून दुरुस्त झालं. नवरा म्हणाला, “राहू दे आता. काही दिवस जीपनंच जा.” किल्ली त्यानं आपल्या कपाटात ठेवली. काही दिवसांचं वर्ष झालं. मी पुन्हा जीपमध्ये, मांडीवर गाठोडं. फरक एवढाच की संध्याकाळी दारव्ह्याला जीप भरेपर्यंत मी त्या मेकॅनिकच्या गॅरेजमधल्या लोखंडी स्टुलावर बसायला लागले. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं, “मला हे सगळं शिकवा. माझ्या गाडीचं काय झालं ते मला पुराव्यानिशी समजून घ्यायचंय.”

तो हसला नाही. म्हणून मी त्याला अजून मानते.

“पहिली गोष्ट,” तो म्हणाला, “थंड्या गाडीचंच झाकण खोलाचं. गरम गाडीचं झाकण म्हंजे कुकरची शिटी हाय. उचकली का तोंड गेलं.” बॉनेटखाली एक दुधी रंगाची प्लॅस्टिकची बाटली असते, तिच्यावर दोन रेघा असतात. सकाळी, इंजिन गार असताना, पाणी त्या दोन रेघांच्या मध्ये दिसलं पाहिजे. रोज खालीच जात असेल तर कुठंतरी गळतंय. हिरव्या कूलंटमध्ये लाल मिसळायचं नाही. नुसतं पाणी घालायचं नाही, घालायचंच तर बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, ठरलेल्या मापानं. “आपल्या बोअरच्या पाण्यानं भगोन्याले पांढरं बसते न मॅडम? तसंच आतमंदी बसते. नळ्या बुजतात. माणसाच्या नसा बुजतात तशा.” पाइप दाबून पाहायचा. लिबलिबीत लागला किंवा फुगलेला दिसला तर बदलायचा. तापलेल्या गाडीचा एसी आधी गरम हवा फेकायला लागतो. आणि अडचणीच्या वेळी एसी बंद करून हीटर पूर्ण चालू केला तर इंजिनची थोडी आग आत ओढली जाते, बसणारे घामानं भिजतात पण थांबेपर्यंत इंजिन तगतं.

“अन् हे गोड असते,” तो एकदा म्हणाला. “हिरवं सांडलं तं धुवून टाकजा. मांजरं चाटतात अन् मरतात.”

मी वर्गातल्या हुशार पोरीसारखी शिकले. प्रत्येक गोष्ट शिकताना डोळ्यांसमोर जेठच होते. सकाळी नवरा उठायच्या आत मी कपाटातली किल्ली घेऊन आमच्या गाडीचं बॉनेट उघडायची, बाटली पाहायची, पाइप दाबायची आणि किल्ली जागच्या जागी ठेवायची. वर्षभर त्या गाडीचं पाणी रेघेखाली गेलं नाही. नवऱ्याला वाटायचं गाडी चांगली आहे.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर जेठांच्या गाडीखाली मला पहिला हिरवा थेंब दिसला.

फरशीवर रुपयाएवढा डाग होता. मी वाकून बोट लावलं, वास घेतला. गोड. आमच्या आवारात एक भुरकी मांजर येते, तिची तेव्हा पिल्लं होती. मी बादलीभर पाणी ओतून तो डाग धुऊन टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग, पुन्हा बादली. दहा-बारा दिवस मी ते केलं. मांजरासाठी केलं हे खरं. पण डाग धुतला की तो दुसऱ्या कुणाला दिसत नाही, हेही मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मग मुकुटबनला जायचा दिवस आला. जाऊबाईंच्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता, तिथल्या बुद्धविहारात, बाराला. जेठांना मोठ्या माणसाचा मान, चार शब्द बोलायचे होते. सगळ्यांनी त्यांच्याच गाडीतून जायचं ठरलं. सकाळी त्यांनी मला किल्ली दिली, “डब्बे मागं ठेव.” मी डबे ठेवले. मग पुढे वाकून बॉनेटचा खटका ओढला.

बाटली कोरडी होती. तळाशी वाळलेल्या हिरव्या रंगाचं एक कडं. खालचा पाइप ओला, क्लॅम्पजवळ फुगलेला. मी बॉनेट दोन्ही तळहातांनी दाबून बंद केलं, आवाज होऊ न देता. सासूबाई ओट्यावर बसून दात घासत होत्या, माझ्याकडे तोंड करून. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन तेव्हा चार महिने झाले होते. हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

माझा हिशेब असा होता की गाडीत आम्ही चौघं असणार. जेठ, नवरा, जाऊबाई, मी. सासूबाई येणार नव्हत्या. पण पावणेआठला त्या पांढरी साडी नेसून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “मले बी येऊ द्या.” मी थांबले. तेव्हा सांगता आलं असतं. भाऊजी, जरा पाणी पाहून घ्या, एवढं पाच शब्दांचं वाक्य. मग मला बारशातलं त्यांचं बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक आठवलं. मी दार उघडून त्यांना आत बसवलं.

मी मधोमध बसले होते, समोर थेट काटा दिसत होता. डावीकडे सासूबाई, उजवीकडे जाऊबाई. जाऊबाईंच्या मांडीवर पिशवी होती. भाचीसाठी त्यांनी एका पांढऱ्या साडीच्या काठावर निळ्या दोऱ्यानं वेल भरला होता, तीन आठवडे बसून. रस्ताभर दोनदा पिशवी उघडून त्यांनी मला तो वेल दाखवला. “हे पान वाकडं झालं काय गं?” मी म्हटलं, “नाही ताई, छान आहे.” आणि पुन्हा काट्याकडे पाहिलं.

घाटंजीपर्यंत काटा मध्यावर होता. मला वाटलं, नशीबवान आहेत. घाटंजी मागे पडली, चढ लागला, दोन्ही बाजूंना कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या आणि मधूनच सागाची पानं गळलेली झाडं. तेव्हा काटा हलला. केसभर. मग आणखी केसभर. मला भीती वाटली नाही. वर्षभर भुकेल्या माणसाच्या नाकाला फोडणीचा वास यावा तसं झालं.

एसीतून कोमट हवा यायला लागली. नवरा म्हणाला, “दादा, गार नाही येत.”

“गॅस कमी झाला असन,” जेठ म्हणाले आणि पंखा वाढवला. ते नवऱ्याला साखरपुड्यात काय बोलणार आहेत ते ऐकवत होते. एसी बंद करा, हीटर लावा, बाजूला घ्या. तीनही वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. मी जीभ दातांखाली धरली. काटा लाल रेघेला टेकला. त्यांनी पाहिलंच नाही. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता, बोलताना स्वतःवर खूश असलेला.

पांढरकवड्याच्या अलीकडे वाफ आली. समोरची काच पांढरी झाली, जेठांनी करकचून ब्रेक मारला. सगळे उतरलो. ऊन डोक्यावर. त्यांनी बॉनेट उघडलं, खांद्यावरचा दुपट्टा हाताला गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

इथे मी खोटं लिहिणार नाही. मी दोन श्वास थांबले. मोजून दोन. मग माझ्या तोंडून वर्गातला आवाज निघाला, मागच्या बाकापर्यंत जाणारा. “भाऊजी! हात काढा!”

ते दचकले. “कायले वरडून राह्यली?”

“आत उकळून राह्यलं. झाकण खोललं तर सगळं तोंडावर येईल. पाऊण तास हात लावायचा नाही.”

नवऱ्यानं त्यांचा हात धरून मागे ओढला. मला त्यांचं इंजिन पाहिजे होतं, कातडी नको होती. एवढा फरक माझ्यात उरला होता, एवढंच म्हणते.

मोहाच्या झाडाखाली सतरंजी टाकली. जेठ आणि नवरा गाडीपाशी, जाऊबाई थोड्या दूर उभ्या राहून बहिणीला फोन लावत होत्या. मी सासूबाईंचा पदर ओला करून त्यांच्या डोक्यावर ठेवला. चेहरा लाल झाला होता त्यांचा. डोळे मिटूनच त्या हळू म्हणाल्या, “सकाळी तुनं झाकण खोलून पाह्यलं होतं.”

मी वळून जाऊबाईंकडे पाहिलं, त्या फोनवरच होत्या.

“म्या पाह्यलं तुले. आता मले चांगलं दिसते.”

“मग तुम्ही काहून नाही बोलल्या आई?”

त्यांनी डोळे उघडले. “मांगच्या बारीले म्या तोंड बंद ठेवलं. या बारीले तुही पाळी हाय म्हटलं.”

त्या कशासाठी गाडीत येऊन बसल्या हे मला तेव्हा समजलं: या वेळी साक्षीला. मी पदर पुन्हा ओला केला.

पाऊण तासानं गाडी गार झाली. जेठांनी प्यायच्या पाण्याच्या तीनही बाटल्या आत ओतल्या. खालच्या पाइपातून धार लागलेली मला दिसली, त्यांनाही दिसली असणार. सीटखालून त्यांनी एक चिंधी काढून गुंडाळली. तेव्हा मी पुढे होऊन अगदी नम्रपणे बोलले. “भाऊजी, चालवू नका. दुसऱ्या गाडीला टोचन लावून, ओढून नेऊ. चालवली तर इंजिन जाईल.”

शब्दन् शब्द खरा होता. आणि मी ते का बोलले ते मला पक्कं ठाऊक होतं. मी ‘चालवू नका’ म्हटलं की हा माणूस चालवणार. खरं बोलूनही सूड घेता येतो.

“आता तू शिकवशीन मले?” ते म्हणाले. “सहा वर्षं जीप चालवली म्या. बसा सगळे.”

साडेतीन-चार किलोमीटर गेलो. आधी खडखड, मग एक हिसका, मग काहीच नाही. एका फाट्यावर, चहाच्या टपरीसमोर गाडी उभी राहिली. बाकावर पाच-सहा माणसं होती. त्यातला एक जीपवाला उठून आला, वाकून पाहिलं, किल्ली फिरवून पाहिली. “काका, इंजिन धरलं तुमचं, जाम झालं. काटा नाई पाह्यला काय?”

जेठ घामानं निथळत होते. “मांगं बाया बडबड करून राह्यल्या होत्या,” ते म्हणाले. “ध्यान नाई राह्यलं.”

मी टपरीपुढे, त्या पाच-सहा माणसांसमोर, नवऱ्यासमोर उभी होते. आवाज चढवला नाही. “ध्यान काट्यात नव्हतं, तर कुठं होतं भाऊजी? आरशात होतं काय?”

कोणी हसलं नाही. हसावं अशी माझी इच्छाही नव्हती. त्यांना कळलं, एवढं पुरे होतं. त्यांचं तोंड उघडलं आणि त्यातून काही निघायच्या आधी सासूबाई गाडीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या.

“तिची गाडी जळली तवा फोनवर तुनंच सांगतलं होतं, चालव म्हणून,” त्या मोठ्या लेकाला म्हणाल्या. “फोन माह्या मांडीवर होता. तिनं नाई ऐकलं म्हणून गावभर सांगत फिरला. तिनं ऐकलं होतं, म्हणूनच जळली.”

“मंग तवा कायले नाई बोलली तू?” जेठांचा आवाज पोरासारखा झाला होता.

“माहा लेक होता म्हणून,” म्हातारी म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. जीपवाल्यानं तिला पाण्याचा ग्लास दिला.

तो आनंद कसा होता ते सांगते. लोक म्हणतात सूड घेतल्यावर रितं रितं वाटतं. मला वाटलं नाही. मला भरल्यासारखं वाटलं. छातीत पहिल्यांदा पुरता श्वास गेला. जेठ टपरीच्या मागे जाऊन उभे राहिले, पाठ करून, आणि मी त्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिले. नवरा जवळ येऊन म्हणाला, “मला माहीत नव्हतं.” मी म्हटलं, “तुम्ही विचारलं होतं?” त्यालाही ते लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

मग जाऊबाईंचा फोन वाजला. बारा वाजून गेले होते. पलीकडून बहीण बोलत होती, लोक खोळंबलेत, किती वेळ थांबायचं. जाऊबाईंनी रस्त्याकडे पाहिलं, बंद गाडीकडे पाहिलं. “करून घ्या तुम्ही,” त्या म्हणाल्या. “आमची वाट नका पाहू.” फोन ठेवून त्या बाकाच्या टोकाला बसल्या. पांढऱ्या साडीवर रस्त्याची धूळ बसली होती. पिशवी अजून मांडीवरच होती. त्यांनी मला बोलावलं, शेजारी जागा करून दिली आणि चहाचा ग्लास माझ्या हातात ठेवला.

“तू होतीस म्हणून याहिचं तोंड वाचलं,” त्या म्हणाल्या. “नाई तं आज कसं झालं असतं बाई.”

जाऊबाई मला कधी उणं बोललेल्या नाहीत. माझं बाळंतपण त्यांनी केलंय. त्या बारशात सगळे हसले तेव्हाही त्या हसल्या नव्हत्या. वर्षभर बसून मी इतकं शिकले, सगळ्यांचा विचार केला, कोण कुठे बसेल, काटा कोणाला दिसेल. या बाईचा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता. मी चहा प्यायले. गोड होता, संपवला.

गाडी ओढून पांढरकवड्याला नेली. आम्ही एसटीनं, दोनदा बदलून, संध्याकाळी आर्णीला आलो. साडी नंतर कुणाच्या तरी हाती मुकुटबनला गेली.

सोमवारी नवऱ्यानं कपाट उघडून किल्ली माझ्यापुढे ठेवली. तेव्हापासून मीच चालवते. सासूबाई अधूनमधून माझ्यासोबत दारव्ह्याला येतात, पुढच्या सीटवर बसून सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचतात. जेठांची गाडी दोन महिन्यांनी आली. नातेवाइकांत गाडीची गोष्ट निघाली की ते उठून पान खायला जातात. मला ते दिसतं, आणि दर वेळी बरं वाटतं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही काही हललेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी बॉनेट उघडून उभी होते तेव्हा जाऊबाई अंगण झाडत आल्या. “मले बी शिकव न,” म्हणाल्या. मी त्यांना बाटली दाखवली, दोन रेघा दाखवल्या, पाइप दाबायला लावला. त्यांनी भीत भीत दाबला. मग विचारात पडल्या.

“असं रोज पाह्यलं असतं तं त्या दिवशी आधीच समजलं असतं न गं?”

“हो.”

“किती आधी?”

“दहा-बारा दिवस तरी.”

त्यांनी मान हलवली. “कोणाचंच ध्यान नाई गेलं,” म्हणाल्या, आणि झाडू उचलला.

मी त्यांना थांबवलं नाही. इतकंच म्हटलं, “ताई, उद्यापासून तुमच्या गाडीचं तुम्हीच पाहत जा.”